चोवीस बाकांची सेवा

सेवादौऱ्याच्या तिसऱ्या आणि शेवटच्या आठवड्यातील मंगळवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, परक्या देशातील एका शांत उपनगराच्या प्रार्थनामंदिरातून पहिला बाक बाहेर अंगणात आणण्यात आला. वेळ इतकी नेमकी सांगता येते याचे श्रेय सरांना. त्यांनी ती तिथल्या तिथे वहीत टिपून ठेवली होती. सर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत. सहा ख्रिस्ती विद्यार्थ्यांना घेऊन ते या मंडळीची तीन आठवडे सेवा करायला आले होते, आणि दोन आठवडे उलटून गेले तरी सेवा अशी काही घडलेली नव्हती.

दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. ठरलेले काम भिंती रंगवण्याचे होते. परंतु परदेशाहून पाहुणे येणार, त्यांना पोपडे आलेल्या भिंती कशा दाखवायच्या, या संकोचाने यजमान मंडळींनी आदल्याच आठवड्यात सगळ्या भिंती स्वतः रंगवून टाकल्या. रंगवायला आलेल्यांपुढे रंगवलेली भिंत उभी करून तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, इतक्या निर्मळ आनंदाने हसले, की सरांना तक्रार करणे जमले नाही. मग मुलांनी भांडी घासायला घेतली, तर मंदिराच्या किल्ल्या सांभाळणारी बाई ती भांडी मुलांची पाठ वळताच पुन्हा घासू लागली. मुले तिला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत. आपली मुले कुठल्याही देशात गेली तरी दोन दिवसांत एक मावशी मिळवतातच. जे भांडे पुन्हा घासले गेले ते पहिल्यांदा घासले होते असे म्हणता येईल का, यावर सरांनी एका संध्याकाळी विद्यार्थ्यांपुढे वीस मिनिटे विवेचन केले. निष्कर्ष नकारार्थी निघाला.

हा प्रश्न केवळ तात्त्विक असता तर सरांनी तो आनंदाने अनिर्णित ठेवला असता. परंतु दौरा पाठवणाऱ्या संस्थेच्या बैठकीत एका वजनदार सभासदाने म्हटले होते, "ही मुलं तिकडे फोटो काढायला चाललीत." सर त्यांच्याशी अडीच तास भांडले आणि जिंकले. जिंकले, पण एका अटीवर. डोळ्यांना दिसेल असे एक तरी काम मुलांनी पुरे केले, अशा अर्थाचे पत्र यजमान पाळकांनी द्यायचे. पत्र आले तर पुढच्या वर्षी दुसरी तुकडी निघणार, नाही आले तर दौरा कायमचा बंद. आणि पाळक कुठलेही पत्र मावशीला वाचून दाखवल्याशिवाय पाकिटात घालीत नसत. येत्या सोमवारी परतीचे विमान होते.

अशा स्थितीत दुसऱ्या रविवारी, गीतासाठी सगळे उठून उभे राहत असताना, एका खिळ्याने पैलवानाची पँट फाडली. पैलवान हा सहांतला धिप्पाड विद्यार्थी, कामाला वाघ. सगळ्यांनी त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिले. सरांनी खिळ्याकडे पाहिले. काम सापडले होते.

खिळा ठोकायला पाच मिनिटे लागली. मग लक्षात आले, की बाकाचा तो भाग खरखरीत आहे. तेवढा भाग पॉलिश पेपरने घासला तेव्हा उरलेला बाक त्याच्यापुढे मळका दिसू लागला. अख्खा बाक घासून पॉलिशचा एक हात दिला आणि सगळे चार पावले मागे सरून पाहतात, तो एक बाक नवऱ्या मुलासारखा झळकत होता आणि उरलेले तेवीस वऱ्हाडात चुकून शिरल्यासारखे दिसत होते. पाळकांना विचारले. ते म्हणाले, "हो, हो!" पाळक सगळ्यालाच हो म्हणत, हे सरांनी तेव्हा विचारात घेतले नाही. मावशी त्या दिवसांत बहिणीकडे गेलेली होती.

(दोन्ही बाजूंमधले हे बोलणे दोघांनाही सारख्याच अर्धवट येणाऱ्या तिसऱ्या एका भाषेत चालत असे. ते येथे सरळ मराठीत दिले आहे. मूळ संभाषणात हातवारे बरेच अधिक होते.)

सर निष्काळजी नव्हते, हे नोंदवणे न्यायाचे होईल. एकही बाक हलण्यापूर्वी त्यांनी मंदिराचा नकाशा काढला, बारा ओळी, उजवीकडे एक बाक, डावीकडे एक, आणि प्रत्येक बाकावर खडूने त्याचा क्रमांक घातला. तोही दर्शनी भागावर नव्हे. पवित्र जागी आकडे बरे दिसत नाहीत म्हणून गुडघे टेकून, मान वाकडी करून, बैठकीच्या खालच्या बाजूला.

आता त्याच मंगळवारच्या सकाळचे उपासनेतले मनन कोणत्या विषयावर होते, तेही सांगितले पाहिजे. मनन सरांचेच होते. जिथे कोणाची नजर पोहोचत नाही तिथेही माणसाने तितक्याच सचोटीने काम करावे, असा विषय. सरांनी तो तीन उदाहरणांनी सिद्ध केला होता. विद्यार्थ्यांनी तो मनावर घेतला. बुधवारी दुपारपर्यंत त्यांनी चोवीसच्या चोवीस बाक वरून, मागून, पुढून आणि अत्यंत सचोटीने खालूनही घासून काढले.

गुरुवारी सकाळी पॉलिश वाळल्यावर सर नकाशा घेऊन अंगणात आले, पहिल्या बाकाखाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"सर, पाठ धरली का?" पैलवानाने काळजीने विचारले.

"क्रमांक कुठे आहेत?"

"कसले क्रमांक? ते खडूचे डाग होय! सगळे काढले, सर. एकही ठेवला नाही."

सरांनी नकाशाची घडी घातली. रागावायचे तर आपल्याच मननावर रागावावे लागणार होते. ते सौम्यपणे म्हणाले, "हरकत नाही. बाक सगळे सारखेच आहेत. कसेही मांडा." तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने तपासून न पाहिलेले हे वर्षातले पहिले विधान असावे.

बाक आत मांडले गेले. पैलवान पहिल्यावर बसला. टक्. दुसऱ्यावर बसला. टक्. चोवीसही बाक डुगडुगत होते. कोणी डाव्या पायावर लंगडत होता, कोणी उजव्या, आणि एक तर असा होता, की कोणी न बसताही नुसत्या वाऱ्याने हलेल अशी शंका यावी. टक्टक् ऐकून समोरच्या दुकानातला न्हावी कात्री हातात घेऊन आला. पाठोपाठ त्याच्या खुर्चीतून उठून अर्धवट कापलेल्या केसांनिशी एक गृहस्थ आले. ते गाडी चालवायला शिकवीत.

"पाय कापा," न्हावी म्हणाला. "जो लांब असेल तो थोडा कापायचा. सोपं आहे."

"याचं ऐकू नका," शिकवणारे गृहस्थ म्हणाले. "माझ्या डोक्याकडे बघा. हाही आधी थोडंच म्हणाला होता. जुन्या टायरचे तुकडे घ्या आणि पायांखाली सारा."

"देवळात टायर?"

"मग काय कात्री?"

दोघांचे जुंपले. तेवढ्यात पैलवानाने कुठून तरी करवत पैदा केली आणि पहिल्या बाकाचा पाय नजरेनेच मापला. तो करवत टेकवणार इतक्यात दारातून आवाज आला, "ती खाली ठेव."

मावशी बहिणीकडून परतली होती. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, पिशवी हातात. तिने बाकांच्या ओळींवरून एकदा नजर फिरवली आणि मटकन जवळच्या बाकावर बसली. टक्.

"ही फरशी खचलेली आहे," ती म्हणाली. "माझ्या जन्माआधीपासून. दर दोन हातांवर चढ नाहीतर उतार. या किल्ल्या माझ्या वडिलांकडे होत्या तेव्हा त्यांनी एकेक बाक घेतला आणि जिथे तो उभा राहतो तिथल्या फरशीप्रमाणे त्याचे पाय तासले. वर्षाला एक-दोन बाक व्हायचे. मी लहानपणी दिवा धरून बसायची. चोवीस बाकांना वीस वर्षं लागली. तुम्हाला किती दिवस लागले?"

"दोन," पैलवानाने प्रामाणिकपणे सांगितले.

मावशी रडली नाही, ओरडली नाही. तिने पिशवी उचलली आणि आत जाऊन मुलांनी घासलेली पातेली पुन्हा घासायला लागली. तो आवाज सरांना सगळ्यात जास्त लागला. आता प्रश्न पत्राचा राहिला नव्हता. एका माणसाची वीस वर्षे आपण दीड दिवसाच्या सचोटीने पुसून टाकली, याचा होता. तरी पत्राचाही होताच.

सहांत एक मुलगी गणिताची विद्यार्थिनी होती. सगळे तिला गणिती म्हणत. सरांनी तिला विचारले, "एकेक मांडणी करून पाहिली तर योग्य मांडणी केव्हा सापडेल?"

तिने वहीत गुणाकार केला, पान उलटले, पुन्हा केला. "सर, बाक चोवीस आहेत आणि मांडण्यांची संख्याही चोवीस आकडी आहे."

"म्हणजे रविवारपर्यंत?"

"नाही, सर."

बाक पुन्हा बाहेर आले, कारण आत ते एकमेकांना अडवीत होते. अंगणात सोळा मावले, उरलेले आठ फुटपाथवर ठेवावे लागले. बाक झळाळत होते आणि ऊन कोवळे होते. येणारे-जाणारे सहजच टेकू लागले. एका थकलेल्या आजोबांना मुलांनी पाणी दिले. अर्ध्या तासात नगरपालिकेचा निरीक्षक फायलीसह हजर झाला.

"हे हॉटेल आहे का?"

"प्रार्थनामंदिर आहे," सर म्हणाले.

"लोक बसलेत."

"ते स्वतःहून बसलेत."

"यांना काही खायला-प्यायला देता?"

"मुळीच नाही."

"पाणी दिलं ना, सर," पैलवान म्हणाला. निरीक्षकाने लिहिले: पेयपानासह आसनव्यवस्था. मग अर्जाचा कागद काढून त्याने तो सरांपुढे धरला. सरांना नमुन्यातले अर्ज भरायला मनापासून आवडे. त्यांनी आसनांची संख्या भरली, लांबी भरली, लाकडाचा प्रकारही भरला. पुढचा रकाना होता, 'प्रत्येक आसनाची कायम जागा'. पेन थांबले.

"यातच तर आमची सगळी अडचण आहे," सर म्हणाले.

निरीक्षकाने पहिल्यांदाच बाकांकडे नीट पाहिले. "शनिवारी दुपारी मी परत येईन," तो म्हणाला. "तोपर्यंत फुटपाथ मोकळा नसेल तर अर्ज पुरा करून द्या." आणि जाता जाता क्षणभर बसून पाहिल्यावाचून त्याला राहवले नाही.

त्याच वेळी घरून सरांच्या पत्नीचा फोन आला. त्यांना हकिगत थोडक्यात सांगण्याचा सरांचा इरादा होता, पण त्या अर्ध्या वाक्यात सगळे ओळखत.

"अहो, तुम्ही सुतारकाम करताय?"

"देखरेख करतोय."

"आपल्या जेवणाच्या टेबलाचा पाय चार वर्षं हलतोय. तुम्ही म्हणालात, हलणं हा टेबलाचा दोष नसून जमिनीचा आहे."

"ते विधान," सर गंभीरपणे म्हणाले, "आता अधिकच बरोबर ठरले आहे." आणि रेंज गेल्याचे सांगून त्यांनी फोन ठेवला. रेंज उत्तम होती.

दुपारी बायकांची प्रार्थनासभा होती. आत बसायला काही नसल्याने ती अंगणातच भरणार होती. सगळ्यांत आधी एक आजीबाई काठी टेकत आल्या, पहिल्या बाकावर बसल्या आणि लगेच उठल्या.

"हा माझा नाही."

त्या दुसऱ्यावर बसल्या, उठल्या. तिसऱ्यावर तर पुरत्या टेकल्याही नाहीत. मुले हसू दाबून पाहत होती; सर मात्र उभे राहिले. अकराव्या बाकावर आजीबाई बसल्या, थोड्या डावीकडे सरकल्या, पाठ टेकली आणि काठी बाजूला ठेवून सुस्कारा सोडला.

"हा."

"कशावरून, आजी?" सरांनी विचारले. सवयीने त्यांना पुरावा हवा होता.

"एकेचाळीस वर्षं बसतेय मी याच्यावर. कशावरून म्हणजे? माझ्या पाठीला विचारा."

"आणि तुमची जागा कुठली?"

"खांबाजवळ, डाव्या अंगाला. ते काय विचारायचं झालं? सगळ्यांना माहीत आहे."

बाक घासून त्यावरच्या खुणा गेल्या होत्या. पण माणसांच्या पाठीवरच्या खुणा घासायला कोणी गेले नव्हते. पैलवानाने आजीबाईंना हाताला धरून उठवले, बाक खांद्यावर घेतला आणि आत नेऊन खांबाजवळ ठेवला. सगळे श्वास रोखून उभे राहिले. तो बसला. आवाज झाला नाही. तो मुद्दाम आपटून बसला. तरीही नाही. बाक जमिनीत उगवल्यासारखा उभा होता. आतल्या खोलीतला भांड्यांचा आवाज थांबला आणि मावशी दारात येऊन उभी राहिली. हात पुसून तिने फोन उचलला.

मावशीने एकदा फोन उचलल्यावर त्या मंडळीत न येण्याची कोणाची छाती नव्हती. शुक्रवारी सकाळपासून माणसे येत राहिली. एकजण कामावरून अर्धा दिवस सुटी घेऊन आला आणि सुटीच्या अर्जात कारण म्हणून 'बसणे' असे लिहून आला. एक निवृत्त शिक्षिका प्रत्येक बाकावर डोळे मिटून बसत आणि गुण दिल्यासारखी मान हलवीत. एका वयस्क जोडप्याचे भांडण लागले.

"हाच आपला."

"हा कसा आपला? आपला इथे जरा खोलगट आहे."

"ते तुझ्यामुळे खोलगट आहे."

"आणि तू उपदेशात झोपतोस म्हणून पाठीकडे चकाकी आहे, ती कुठेय?"

"चकाकी आता सगळ्यांनाच आहे!" नवरा म्हणाला, आणि दोघेही हसत सुटले. बाक तोच निघाला.

न्हावी दुकान उघडे टाकून गर्दीला रांग लावीत होता, गाडी शिकवणारे गृहस्थ बाक दारातून आत घेताना "डावीकडे, अजून डावीकडे, आता सरळ!" असे सांगत होते. कधी नव्हे ते दोघांचे एकमत झालेले दिसले. लोकांनी घरून खाण्याचे डबे आणले. कोणी बाजा घेऊन आला आणि रांगेत उभ्या असलेल्यांनी गाणी सुरू केली. मुलांना शब्द येत नव्हते, चाली मात्र बऱ्याच येत होत्या. आपल्या भाषेतले शब्द त्याच चालीवर घालून ती मोठ्याने गात होती. पाळक अंगणात मधोमध उभे राहून सगळ्यांना "हो, हो!" म्हणत होते. एवढी माणसे शुक्रवारी मंदिरात आल्याचे त्यांना आठवत नव्हते.

शनिवारी सकाळी अकरापर्यंत अठरा बाक आपापल्या जागी खडकासारखे उभे होते. फुटपाथ मोकळा झाला. निरीक्षक आला तेव्हा सरांनी अर्ज त्याला अभिमानाने, अठरा ओळी भरून दिला. तो आता नको होता, तरी त्याने घेतला. अंगणात सहा बाक उरले. माणसे संपली होती.

"हे कोणाचे?" सरांनी विचारले.

मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. कोणी खाली पाहिले. शेवटी पाळकच लाजून म्हणाले, "पुढच्या तीन ओळींचे. तिथे कोणी बसत नाही. मी बावीस वर्षं उपदेश करतोय, या सहा बाकांनाच करतोय म्हणा ना. ऐकणारे सगळे मागे असतात."

गणितीने वहीत पाहिले. "सहा बाकांच्या मांडण्या सातशे वीस. हे होण्यासारखं आहे, सर."

तिने आणि पैलवानाने सुरुवात केली. संध्याकाळी सहा वाजता त्रेसष्टावी मांडणी चालू असताना पैलवान बाकासह जमिनीवर आडवा झाला आणि म्हणाला, "मला इथेच राहू द्या." सरांनी वहीत 'प्रयोग स्थगित' असे लिहिले. ते मावशीकडे गेले.

"अठरा झाले. सहा राहिले."

"दिसतंय."

"चूक आमची आहे. त्यामुळे उद्या त्या सहा बाकांवर आम्हीच बसू."

मावशीने त्यांच्याकडे एकवार पाहिले. "पडलात तर?"

"तर पडलो, अशी नोंद करू."

रविवारी मंदिर भरले. मागच्या अठरा बाकांवर प्रत्येकजण आपापल्या जागी असा ऐसपैस बसला होता, जणू प्रवासातून घरी परतला आहे. पुढच्या तीन ओळींत विद्यार्थी विखरून बसले आणि अगदी पहिल्या बाकावर सर, कोट घालून, ताठ. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला पैलवान येऊन बसला. सर सावकाश वर गेले.

"उठ," सर ओठ न हलवता म्हणाले.

तो उठला. सर खाली आले. टक्. मागे कोणी तरी खुदकन हसले.

"बस," सर म्हणाले. टक्. ते पुन्हा वर. मोठे माणूस पहिल्या ओळीत वरखाली होत आहे, हे दृश्य त्या मंदिरात पूर्वी कोणी पाहिले नव्हते. मागच्या ओळींतून एक लहान मुलगी आईचा हात सोडवून आली आणि सरांच्या शेजारी चढून बसली. तिच्यामागे दोन आले, मग पाच. पाच मिनिटांत सहाही बाक पोरांनी भरले. त्यांच्या आया त्यांना आवरायला आल्या, आणि आवरता आवरता त्यांनाही तिथेच बसावे लागले. गीत सुरू झाले तेव्हा सहा बाक टक्टक् करत ताल धरू लागले. तो ताल बाजापेक्षा चांगला होता असे नंतर बाजा वाजवणाराच म्हणाला.

पाळक उपदेशाला उभे राहिले आणि समोर पाहून थांबले. बावीस वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्यापासून दोन हातांवर चेहरे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. हातातले कागद त्यांनी मिटून ठेवले आणि नुसते बोलले. काय बोलले ते सरांना सगळे कळले नाही. पण पोरे हलायची थांबली होती, आणि बराच वेळ एकाही बाकाचा आवाज आला नाही.

उपासना संपल्यावर सर क्षमायाचनेचे भाषण मनात जुळवत मावशीच्या शोधात निघाले. भाषणाचे तीन मुद्दे होते आणि तिसऱ्याचे दोन उपमुद्दे. ती पाळकांच्या खोलीत होती. पाळक आपण लिहिलेले पत्र तिला वाचून दाखवीत होते. पत्र पानभर होते. त्यात समर्पण होते, परिश्रम होते, अतुलनीय सेवाभाव होता. सर दाराशी थबकले. मावशी भिंतीकडे पाहत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"खोटं आहे," ती म्हणाली.

"कुठे?" पाळकांनी घाबरून विचारले.

"परिश्रम झाले ते बाक बिघडवायला. ते दुरुस्त केले आपल्या लोकांनी. नुसते बसून."

सरांना हा युक्तिवाद खोडून काढता येईना. आयुष्यात असे फार थोड्या वेळा झाले होते. मावशीने टेबलावरचा कोरा कागद पाळकांपुढे सरकवला.

"आणि ते पुढचे सहा?" पाळकांनी चाचरत विचारले. "पुढच्या महिन्यात बसवून घ्यायचे का कोणाकडून? तुझ्या वडिलांची वहीबिही असेल ना?"

"वही आहे," मावशी म्हणाली. "सगळी मापं आहेत तिच्यात." सरांनी दाराची चौकट धरली. "पण मी आज ती काढणार नाही. उद्याही नाही. त्या सहांवर आज पहिल्यांदा कोणी बसलं."

मग तिला सर दिसले. तिने त्यांना आत बोलावले नाही, बसा म्हटले नाही, भाषणाला वावही दिला नाही. ती पाळकांकडे वळून म्हणाली, "लिहा. यांना सुतारकाम येत नाही. पुन्हा पाठवा."